मान जपा

४ ऑगस्ट, सोमवार

रोज दहा ओळी लिहायच्या, उजव्याच हातानं, मनात येईल ते, असा पायलचा हुकूम आहे. मनात येतंय ते असं, की अडुसष्टाव्या वर्षी माणसाला अक्षरं गिरवायला लावणं हा छळ आहे. ही तिसरी ओळ.

पायल म्हणजे लोणावळ्यातली माझी फिजिओथेरपीवाली. चष्मा मोठा, वय लहान, आवाज हवालदाराचा. मे महिन्यात मला अर्धांगाचा झटका आला. पाय आठवड्यात मोकळा झाला, तोंड त्याच्याही आधी (माझी बायको शालू म्हणते, ते बंद पडलंच नव्हतं). उजवा हात मात्र रुसून बसला. याच हातानं चौतीस वर्षं देहूरोडच्या डेपोत बंदुकांचे दस्ते दुरुस्त केले. बंदुकीचं लोखंड बघणारे लोक वेगळे, लाकूड माझं. आता शर्टाची बटणं शालू लावून देते, आणि लावताना काही बोलत नाही. ती बोलली असती तर बरं वाटलं असतं.

दहा झाल्या असाव्यात. पुरे.

७ ऑगस्ट, गुरुवार

आज पायलनंच मला एक काम सांगितलं. तिचं घर आंदर मावळात, टाकव्याच्याही पुढं. तिचे पणजोबा अंबाजी गावचे पोलीस पाटील होते. त्यांची मार्टिनी बंदूक, फौजेतून निघालेली, अजून घरात आहे. नळीत शिसं ओतून ती कधीच निकामी केलीय, तसा पोलिसांचा कागदही आहे. आता ती वर्षातून एकदाच बाहेर येते, खंडेनवमीला. विळे, कोयते, नांगर यांच्या रांगेत तिची पूजा होते. यंदा घर गळलं आणि दस्त्याची टाच, खांद्याला टेकते ती बाजू, वाळवीनं खाल्ली. तिची आजी धोंडाबाई, वय चौऱ्याऐंशी, तेव्हापासून जेवणावर रागावलीय. बाजारातला एक फर्निचरवाला म्हणाला, प्लायवूडचा तुकडा चिकटवून देतो.

प्लायवूड म्हटल्यावर माझं डोकं फिरलं. मार्टिनीला प्लायवूड! घेऊन या म्हणालो. मग आठवलं की हातात पेन्सिल धरवत नाही.

मी नाही म्हणायच्या बेतात होतो, पण पायल म्हणाली, दुसरं कुणी नाही हो काका. आणि एक अट घातली. त्यांच्या घरात शस्त्राला डाव्या हाताचं हत्यार चालत नाही. पटाशी, कानस, करवत, सगळं उजव्या हातात. डाव्यानं फक्त धरायचं. असला कुळाचार मी कधी ऐकला नव्हता, पण ज्याचं घर त्याची रीत. पोरीनं दोन महिने माझ्या हाताची सेवा केलीय. तिच्या अडीनडीला मी नाही म्हटलं असतं तर शोभलं नसतं.

खंडेनवमी एक ऑक्टोबरला आहे. तोवर झालं पाहिजे.

१० ऑगस्ट, रविवार

पायलचे वडील पप्पू जीप घेऊन आले. भुशी धरणाला निघालेल्या गाड्यांत दोन तास अडकले होते. बंदूक गोधडीत गुंडाळून मागच्या सीटवर. शेजारच्या गाडीतल्यांनी विचारलं, काय आहे त्यात, तर पप्पू म्हणाले, म्हातारी निजलीय. माणूस मला आवडला.

टाचेचा लोखंडी पत्रा काढला, आतल्या भोकातून लांब स्क्रू फिरवला आणि दस्ता सुटा केला. हे मी डाव्या हातानं केलं, कारण तो फक्त स्क्रू होता आणि पायल तिथं नव्हती. भोकात काही सोनंनाणं असेल म्हणून शालू वाकून बघत होती. वाळवीची माती पडली. लोखंड पप्पूंबरोबर परत धाडलं. मला फक्त लाकूड लागतं.

निघताना पप्पूंनी एक बाटली दिली. घाण्याचं करडईचं तेल, म्हातारीनं दस्त्याला लावायला धाडलेलं. आणि निरोप सांगितला, "आई म्हनली, सुतारभाऊंना एकच सांग, मान जपा."

मान म्हणजे लोखंडाच्या मागची बारीक जागा, जिथं हाताची मूठ बसते. मी दस्ता उजेडात धरून मान नीट पाहिली आणि कपाळावर हात मारला. कुणा अडाण्यानं फुटलेल्या मानेत बाभळीचा काळा ठोकळा बसवून वर दोन्ही टोकांना मिळून तांब्याच्या तारेचे आठ वेढे घातलेत. अक्रोडाच्या लाकडात बाभूळ! चौऱ्याऐंशीची म्हातारी, पण तिला बरोबर कळलं की दुखणं टाचेत नाही, मानेत आहे. मी पप्पूंना सांगितलं, आईंना म्हणावं, निर्धास्त राहा.

करडईच्या तेलाला मात्र मी हसलो. दस्त्याला जवसाचं तेल लावतात. बाटली शालूनं फळीवर ठेवली.

१४ ऑगस्ट, गुरुवार

कानस धरली. वीस हात मारायचे ठरवले होते, सात झाले. आठव्याला कानस पायावर पडली. शालू बाहेर येऊन बघून गेली आणि स्वयंपाकघरात भांडी मोठ्यानं आपटायला लागली. तिला रडायचं असलं की ती भांडी घासते.

पायलला सांगितलं, सात. तिनं ते फाइलमध्ये लिहिलं. पुढच्या वेळी बारा करा म्हणाली. या मुलीला सुतारकामात एवढा रस असेल असं वाटलं नव्हतं.

२५ ऑगस्ट, सोमवार

टाच झाली. वलवणच्या भंगारवाल्याकडे कुठल्याशा जुन्या बंगल्यातल्या पलंगाचा पाय मिळाला, अस्सल अक्रोड. रेषा जुळवून तुकडा बसवला. जोड दिसतो, पण लाज वाटावी असा नाही. एकसष्ट हात कानस. पायलनं हाताची पकड मोजायचं तिचं यंत्र दिलं, मी दाबलं, काटा बघून ती उगाचच पाणी प्यायला आत गेली.

दोन दिवसांनी गणपती. मखर मी करीन म्हणालो. शालू म्हणाली, थर्माकोलचं आणलंय, तुम्ही बंदूक करा. हिच्याइतकी मला ओळखणारी बाई दुसरी नाही. हे तोंडावर सांगायची आमच्यात पद्धत नाही, म्हणून इथं लिहून ठेवतो.

३ सप्टेंबर, बुधवार

टाचेवर काम संपत होतं. पण निरोप मानेचा होता आणि हात आता थोडा ऐकतोय. तार सोडवली. बाभळीचा ठोकळा राळेनं चिकटवलेला होता, अर्धा दिवस घेतला त्यानं. ठोकळ्याच्या मधोमध अंगठा बसेल एवढा खळगा आहे. साधं सपाटही करता आलं नाही बेट्याला.

जुना भाग टाकायचा नाही ही डेपोची शिस्त. तिथं जुना भाग जमा केल्याशिवाय नवा मिळत नसे. ठोकळा आणि तार बिस्किटाच्या डब्यात ठेवली, दोऱ्यानं चिठ्ठी बांधली: मार्टिनी, मान, काढलेलं. माझे असे अकरा डबे आहेत. मी मेल्यावर पहिल्या दिवशी काय करणार ते शालूनं ठरवून ठेवलंय.

१२ सप्टेंबर, शुक्रवार

आजचा दिवस लिहून ठेवला पाहिजे.

मानेतली खाच चौरस करून घेतली, अक्रोडाचा तुकडा घासून घासून बसवला, सरस लावून दोन दिवस आवळून ठेवला होता. बाजारातला गोंद झटपट धरतो, पण सरस लावला की चुकलं तर गरम पाण्यानं सोडवता येतं. डेपोतले माझे उस्ताद म्हणायचे, आपल्यामागून येणाऱ्या सुताराची अडवणूक करायची नाही. आज आवळण्या काढल्या, पॉलिशपेपर मारला आणि जोडावरून नख फिरवलं. नख अडकलं नाही. पुन्हा फिरवलं. शालूला बोलावून म्हटलं, सांग जोड कुठं आहे. तिनं चष्मा लावून दोनदा पाहिलं आणि चुकीच्या जागी बोट ठेवलं.

मी रडलो. खोटं कशाला लिहू. चार महिन्यांपूर्वी या हातात चमचा राहत नव्हता. देवाचे, डॉक्टरांचे, पायलचे, शालूचे, आणि ज्या घरानं मला ही बंदूक दिली त्या घराचे किती उपकार मानू. टाकव्यापलीकडच्या म्हातारीला माझं नाव ठाऊक असायचं काही कारण नव्हतं.

आता जवसाचे तीन हात. या हवेत तेल वाळता वाळत नाही, म्हणून दस्ता फ्रिजमागच्या उबेत टांगलाय. संध्याकाळी भरली वांगी फारच छान झाली होती. विचारलं तर कळलं, करडईचं तेल संपत आलंय.

२१ सप्टेंबर, रविवार

मोठ्या तोऱ्यात गेलो होतो. लोकलनं कान्हे, तिथून पप्पूंची जीप. भात पोटरीला आलंय. पायलही आली होती, रविवार होता.

धोंडाबाई ओटीवर बसल्या होत्या. त्यांना दिसत नाही, काचबिंदूनं अकरा वर्षांपूर्वी डोळे गेले, हे मला तिथं गेल्यावर कळलं. मी दस्ता चढवला, स्क्रू आवळला आणि बंदूक त्यांच्या मांडीवर दिली. त्यांनी नळीच्या टोकापासून हात फिरवायला सुरुवात केली. टाचेपर्यंत गेल्या. परत आल्या. मानेवर बोटं थांबली, पुढं गेली, पुन्हा मागं आली. एखादी वस्तू ठेवलेल्या जागी सापडली नाही की माणूस चाचपतो, तशी.

"पप्पू, ही कुनाची रं?"

"आपलीच की आई. भाऊंनी झ्याक केलीया."

"ही आपली न्हाई."

मी म्हटलं, मावशी, तुम्हीच मान जपायला सांगितली होती. तिथला तुकडा गावठी होता, मी बदलला. त्या माझ्या आवाजाकडे तोंड करून म्हणाल्या, "मी जपाया सांगितलं, भाऊ. बदलाया न्हाई."

मग त्यांनी सांगितलं ते असं. लग्न होऊन चारच महिने झाले होते. धो धो पावसात वासरानं खुंटा उपटला. घरात दुसरं कुणी नाही, खुंटा ठोकायची मोगरी सापडेना. दाराआड सासऱ्यांची बंदूक उभी होती. सोळा वर्षांच्या पोरीनं ती नळीकडून धरली आणि दस्त्यानं खुंटा ठोकला. तिसऱ्या घावाला मान फुटली. पोलीस पाटलाची बंदूक! दिवसभर ती चुलीपाशी उपाशी बसून राहिली. आता माहेरी धाडतील हे सगळ्या घरानं धरलंच होतं. संध्याकाळी सासरे, अंबाजी, आले. त्यांनी बंदूक पाहिली, खुंटा पाहिला, बांधलेलं वासरू पाहिलं आणि विचारलं, वासरू राहिलं ना? मग झालं. दुसऱ्या दिवशी त्याच खुंट्याचा तुकडा तासून त्यांनी मानेत बसवला, वर तार गुंडाळली, आणि सगळ्यांदेखत म्हणाले, "आता ह्ये बी घरातलंच."

"लाकडाला म्हनलं का मला म्हनलं, मी कंदी इचारलं न्हाई," धोंडाबाई म्हणाल्या.

त्या वर्षीच्या खंडेनवमीला अंबाजींनी हळदकुंकवाचं ताट सुनेच्या हातात दिलं. तेव्हापासून अडुसष्ट वर्षं पहिलं बोट त्या तुकड्यावर टेकतं, आणि तेल चोळताना अंगठा तिथंच फिरतो. म्हणजे तो खळगा कुणा अडाण्याच्या पटाशीचा नव्हता, या मावशींच्या अंगठ्याचा होता. डोळे गेल्यावर तर तारेवर बोट ठेवलं की मला सगळं दिसतं, असं त्या म्हणाल्या.

पायल चुलीकडे तोंड करून डोळे पुसत होती. तिलाही यातलं काही ठाऊक नव्हतं. तिला सांगितलं, तुझा काही दोष नाही, अक्कल मी पाजळली.

मग डबा आठवला. "मावशी, तो तुकडा आहे माझ्याकडं. तारही आहे."

त्या पुढं सरकल्या. "टाकला न्हाईसा?"

डेपोत टाकत नाहीत, मी म्हटलं. दस्ता परत घेऊन आलो. दहा दिवस आहेत.

२३ सप्टेंबर, मंगळवार

काल काही लिहिलं नाही. आज पटाशी घेतली आणि ठेवली.

तो जोड म्हणजे माझा हात आहे. तो उचकटायचा म्हणजे परत मे महिन्यात जायचं. दुसऱ्यांदा तसा जमेल याची खात्री कोण देणार? मनात आलं की आपल्याच तुकड्यावर तार गुंडाळून द्यावी. आंधळ्या म्हातारीला काय कळणार आहे? हे मी लिहितोय, कारण मनात येईल ते लिहायचं ठरलंय. डोळे मिटून माझ्या जोडावर अंगठा ठेवला. मग डब्यातल्या ठोकळ्यावर ठेवला. खळग्यात अंगठा आपसूक बसला. माझी मलाच इतकी शरम वाटली की शालूनं विचारलं, दुखतंय का काही?

मी तिला सगळं सांगितलं. ती म्हणाली, "तुमचा हात काय त्या लाकडात अडकलाय का? तो तर तुमच्या खांद्याला आहे."

२४ सप्टेंबर, बुधवार

गरम पाण्याचं फडकं मानेवर ठेवत गेलो. तासाभरात सरस सुटला आणि माझा तुकडा अखंड हातात आला. उस्तादांना नमस्कार केला. पण मी खाच चौरस करताना रुंद केली होती. बाभळीचा ठोकळा आता दोन सूत सैल बसतो. नुसता राळेत भरून चालणार नाही, हलेल. भोवतीनं अक्रोडाची बारीक कड घालावी लागेल. पलंगाच्या पायात आता रेषा जुळणारं लाकूड उरलं नाही. रेषा जुळणारा एकच तुकडा घरात आहे.

उद्या करीन.

२५ सप्टेंबर, गुरुवार

माझा तुकडा चिरला. चार पट्ट्या काढल्या. हात नेहमीपेक्षा कमी थरथरला, का ते कळलं नाही. पायलला फोनवर सांगितलं तर तिनं एवढंच विचारलं, करवत कुठल्या हातात होती? उजव्या, मी म्हटलं, तुमची रीत मोडायला मी काय वेडा आहे? पलीकडून बराच वेळ आवाज आला नाही. आंदर मावळात रेंज नसते, पण ती तर क्लिनिकमध्ये होती.

२९ सप्टेंबर, सोमवार

ठोकळा बसला. भोवती अक्रोडाची कड, काळ्या साडीला तपकिरी काठ असावा तशी. जोड डोळ्यांना दिसतो, नखाला लागतो, आणि मला त्याचं काही वाटत नाही. तार गॅसवर तापवून नरम केली. शालूनं दस्ता धरला, मी ओढून गुंडाळली. आठ वेढे, पूर्वीच्याच खुणांवर. पाचव्या वेढ्याला हात दमला, थांबलो, पुन्हा ओढली.

शेवटचा हात करडईच्या तेलाचा द्यायचा ठरवला. म्हातारीनं ज्या तेलावर हे लाकूड इतकी वर्षं सांभाळलं, त्याला मी हसणारा कोण? पण बाटलीत तेल कुठं राहिलंय. शालूनं बाटली वाटीवर दुपारभर उलटी ठेवली. चमचाभर निघालं. पुरलं.

१ ऑक्टोबर, बुधवार, खंडेनवमी

आत्ताच घरी आलोय. चहा व्हायचाय, तोवर लिहून टाकतो.

ओटीवर विळे, कोयते, पहार, कुऱ्हाड, नांगराचा फाळ, सगळं धुऊन मांडलं होतं. पप्पूंच्या जीपला झेंडूची माळ. मी दस्ता चढवला आणि बंदूक पाटावर आडवी धरून बसलो, कारण ती एका बाजूला कलंडत होती. धोंडाबाईंना पायलनं हात धरून आणलं. त्यांचा हात नळीवरून आला. तार लागली. एक, दोन करत त्यांनी वेढे मोजले. अंगठा खळग्यात गेला आणि तिथंच राहिला. त्यांचे खांदे उतरले, डोक्यावरचा भारा खाली ठेवल्यासारखे.

मग बोट भोवतीच्या कडेला लागलं. "हितं काय तरी नवं हाय."

मी सांगितलं, मावशी, खाच माझ्याकडून मोठी झाली होती. ते माझं लाकूड आहे. नको असेल तर...

त्यांनी त्या कडेवरून चारही बाजूंनी बोट फिरवलं, सावकाश.

"ऱ्हाऊ द्या," म्हणाल्या. "आता ह्ये बी घरातलंच."

मला पुढचं थोडा वेळ नीट दिसलं नाही.

एक गोष्ट मात्र खटकली. त्यांनी बंदूक सरळ डाव्या हातानं उचलली आणि कापड घेऊन डाव्याच हातानं पुसली. मी घाबरून म्हटलं, मावशी, तुमच्यात डावा हात चालत नाही ना? तर त्या म्हणाल्या, "कुनी सांगितलं? मी डावरीच हाय." मी पायलकडे पाहिलं. ती आढ्याकडे बघत होती. आजीचं आता वय झालंय, घरची रीत विसरल्या असतील. पोरीला अवघडायला नको म्हणून मी विषय वाढवला नाही.

जेवणानंतर पायलनं तिचं ते पकडीचं यंत्र काढलं. सणाच्या दिवशीही हिला चैन नाही. काटा बघून म्हणाली, काका, आता आठवड्यातून एकदाच या. मी म्हटलं, तुझ्या आजीचं काम झालं म्हणून मला हाकलतेस होय? ती हसली आणि वाकून माझ्या पाया पडली. लहान वयात किती समज आहे. हिच्या अडचणीत मी उपयोगी पडलो याचं मला आयुष्यभर समाधान राहील.

पूजेचं राहिलंच. धोंडाबाईंनी आधी तुकड्यावर हळदकुंकू टेकवलं, मग नळीला, मग विळे-कोयत्यांना ओळीनं, एकही न चुकता. शेवटी परत बंदुकीकडे वळल्या आणि तिथं मात्र त्यांचा अंदाज चुकला. बंदूक धरलेल्या माझ्या उजव्या हातावर बोट पडलं. आधी हळदीचं, मग कुंकवाचं. दिसत नाही बिचाऱ्यांना. मी हात मागं घेतला नाही.

शालू म्हणतेय, चहा घ्या, हात धुऊन या. चहा डाव्या हातानं घेईन. कागदाला वर लाल लागलंय, ते त्याचंच.